बटेरांची अंडी उबवणं आणि पिल्लं जगवणं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जपानी बटेराची मादी सहा-सात आठवड्यांची झाली की जवळजवळ रोज एक अंडं घालते, पण त्या अंड्यांवर बसत मात्र नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे तिची उबवायची वृत्तीच गेली आहे. पिल्लं हवी असतील तर अंडी उबवायचं मशीन (इन्क्युबेटर) लागतं. खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीखाली ही अंडी ठेवून बघणारेही आहेत, पण दहा-बारा ग्रॅमचं पातळ कवचाचं अंडं तिच्या पायाखाली सहज तडकतं. पिल्लू निघालंच, तरी एवढ्याशा जिवाला ती आपलं मानेल याची खात्री नाही.

वीस ते पन्नास अंडी घरच्या घरी उबवायची आहेत, असं धरून पुढचं लिहिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. अंड्यात असेपर्यंत पिल्लाला धोका उष्णतेचा असतो आणि बाहेर आल्यावर थंडीचा. नवखी माणसं नेमकं उलट वागतात. मशीनचं तापमान ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून चढं ठेवतात आणि पिल्लं निघाली की ‘झालं एकदाचं’ म्हणून निर्धास्त होतात.

आणि हो, शेताच्या बांधावर किंवा माळावर लाव्यांचं, रानबटेरांचं घरटं सापडलं तर त्याला हात लावू नका. रानातल्या या पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पाळायचा तो जपानी बटेर. तो आपल्याकडे १९७४ साली उत्तर प्रदेशात इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आला आणि तिथून देशभर पसरला.

अंडी निवडताना

मॉलमध्ये किंवा चिकनच्या दुकानात मिळणारी पाकिटातली अंडी खायची असतात. त्या माद्यांसोबत बहुतेक ठिकाणी नर ठेवलेलाच नसतो, शिवाय अंडी फ्रीजमध्ये राहून आलेली असतात. अशा पाकिटातूनही कधीमधी पिल्लू निघतं, त्याचे व्हिडिओही फिरतात. पण त्याच्या भरवशावर अठरा दिवस वीज जाळू नका. थेट फार्मवरून उबवणीची अंडी घ्या आणि विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: एका नरामागे माद्या किती, पक्ष्यांचं वय किती आणि अंडी किती दिवसांची. नरामागे दोन-तीन माद्या, वय आठ ते चोवीस आठवडे आणि अंडी सात दिवसांच्या आतली, असं उत्तर आलं तर घ्यायला हरकत नाही. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा फार्म बघा.

फार लांबट, अगदी गोल, खरखरीत कवचाची आणि केसाएवढीही चीर असलेली अंडी बाजूला काढा. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवली की तडकलेल्या अंड्याचा आवाज बद्द येतो. अंडी धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो. तो धुतला गेला की बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात. विष्ठेने माखलेलं अंडं स्वच्छ करत बसण्यापेक्षा सरळ बाद करा.

एसटीने किंवा कुरिअरने आलेली अंडी लगेच मशीनमध्ये टाकायची नाहीत. टोकदार बाजू खाली ठेवून बारा ते चोवीस तास तशीच राहू द्या, म्हणजे हादऱ्यांनी हललेली हवेची पोकळी जागेवर बसते. साठवण करायची तर १३ ते १६ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. आपल्या घरांत अशी जागा नसते. फ्रीज फार थंड पडतो आणि उन्हाळ्यात खोली फार गरम. म्हणून माठ ठेवतो तसा थंड कोपरा शोधा आणि एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.

मशीन आणि त्याहून महत्त्वाचे मीटर

तयार छोटं मशीन घ्या किंवा घरी बनवा, दोन्ही चालतं. घरगुती मशीन म्हणजे जाड थर्मोकोलचा खोका, २५ किंवा ४० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब, डब्ल्यू १२०९ सारखा स्वस्त थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारं उपकरण), कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि पाण्याची वाटी. खाली आणि वर हवेसाठी चार-चार भोकं. बल्ब अंड्यांपासून आणि थर्मोकोलपासून दूर हवा, मध्ये पत्र्याचा आडोसा घाला. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, तो उजेड देतो पण पुरेशी ऊब देत नाही. आता घरोघरी एलईडीच असल्यामुळे ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त होते.

पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान ३७.५ ते ३७.७ अंश ठेवायचं. बिनपंख्याच्या खोक्यात वर गरम आणि खाली गार असे थर होतात, तिथे अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८ लागतं.

अर्ध्या अंशाच्या फरकाने निकाल बदलतो आणि स्वस्त मीटर एक-दोन अंशांनी सर्रास चुकतात. त्यावर घरचा उपाय आहे. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर याच पट्ट्यात बऱ्यापैकी अचूक असतो. एका भांड्यात कोमट पाणी घ्या, त्यात तो थर्मामीटर आणि मशीनच्या सेन्सरचं टोक शेजारीशेजारी धरा. थर्मामीटर फॅरनहाइटचा असेल तर ३७.५ म्हणजे ९९.५. फरक जितका दिसेल तितका थर्मोस्टॅटमध्ये दुरुस्त करा.

आर्द्रतेच्या मीटरची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं ओलं होईल इतकंच पाणी घाला. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवले तर मीटर पाचने कमी सांगतो, हे त्याच्यावरच मार्करने लिहून ठेवा.

अंडी ठेवण्याआधी मशीन पूर्ण चोवीस तास रिकामं चालवा. दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा तापमान स्थिर दिसलं तरच अंडी आत.

पहिले चौदा दिवस

पिल्लं सतराव्या-अठराव्या दिवशी निघतात. नोकरी करणाऱ्यांनी बुधवारी संध्याकाळी अंडी ठेवावीत. सतरावा दिवस शनिवारी संध्याकाळी येतो आणि रविवार मोकळा मिळतो. अंडी ठेवली तो दिवस शून्य धरायचा.

अंडी आडवी ठेवत असाल तर एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. ठिपक्यांच्या कवचावर खूण हरवते, म्हणून फिकट जागा बघून काढा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवा. आकडा विषम असला की रात्रीची लांब पाळी रोज एकाच बाजूवर येत नाही. फिरवलं नाही तर वाढणारं पिल्लू आतल्या पडद्याला चिकटतं. ऑटोमॅटिक ट्रे असेल तर तो बटेरांच्या अंड्यांच्या मापाचा आहे का ते बघा. कोंबडीच्या अंड्याच्या खाचेत ही अंडी लोळत राहतात.

या काळात आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. ‘वाटीत रोज पाणी घाला’ असा सरसकट सल्ला सगळीकडे दिला जातो, आणि मला तो मुळीच पटत नाही. रत्नागिरीत किंवा गोव्यात जुलैमध्ये २७ अंशांची, ९० टक्के दमट हवा मशीनमध्ये ३७.५ पर्यंत तापली की आतली आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते, वाटी कोरडी असली तरी. तिथे पाणी घातलं तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं. उलट मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे किंवा डिसेंबरात निफाडच्या थंडीत बाहेरची हवा इतकी कोरडी असते की एका वाटीने भागत नाही, पसरट थाळी आणि त्यात स्पंजचे तुकडे ठेवावे लागतात. पाणी किती पसरट पसरलं आहे त्यावर आर्द्रता ठरते, ते किती खोल आहे त्यावर नाही. मीटर बघा आणि मग ठरवा.

खात्री करायची तर वजन करा. सुरुवातीला सगळी अंडी एकत्र मोजून ठेवा. चौदाव्या दिवसापर्यंत वजन दहा-बारा टक्क्यांनी घटलेलं असावं. वीस अंड्यांचं वजन २४० ग्रॅम असेल तर साधारण २४ ते २९ ग्रॅमची घट. त्याहून बरीच कमी घट म्हणजे आर्द्रता जास्त आहे, बरीच जास्त म्हणजे कमी.

आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून अंडी तपासता येतात. पुठ्ठ्याला लहान भोक पाडून मागे जोरदार टॉर्च धरा आणि अंड्याची बोथट बाजू त्यावर टेकवा. बटेरांच्या कवचावर काळपट डाग असल्यामुळे कोंबडीच्या अंड्यासारख्या शिरा स्पष्ट दिसत नाहीत. आतून सारखं पिवळसर उजळलेलं अंडं रिकामं, आणि वर पोकळी व खाली गडद सावली असलेलं भरलेलं. शंका वाटली तर अंडं परत ठेवा. वास येणारं किंवा कवचावर ओल फुटलेलं अंडं मात्र त्याच क्षणी बाहेर काढा, ते फुटलं तर घाण सगळ्या मशीनभर होते.

वीज गेली तर

भारनियमन असो की पावसाळ्यात पडलेली तार, वीज जाणार हे धरूनच चाला. तास-दोन तासांच्या गारव्याने अंडी सहसा मरत नाहीत, फक्त पिल्लं थोडी उशिरा निघतात. मशीनचं झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका, पण हवेची भोकं झाकू नका. चौदाव्या दिवसानंतर तर ही भोकं फारच महत्त्वाची असतात, कारण मोठी झालेली पिल्लं स्वतः उष्णता देतात आणि त्यांना ऑक्सिजनही जास्त लागतो.

खरी भीती उलट बाजूची आहे. बंद खोलीत, पत्र्याच्या छपराखाली मे महिन्याच्या दुपारी खोलीचंच तापमान ४० वर गेलं तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही. मशीन तापवू शकतं, थंड करू शकत नाही. अशा घरात मशीन तळमजल्याच्या आतल्या खोलीत, उन्हाची भिंत टाळून ठेवा. नाहीतर पाऊस पडेपर्यंत थांबा. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी जुलै ते फेब्रुवारी हाच काळ सुचवेन.

शेवटचे तीन दिवस: हात मागे

चौदावा दिवस संपला की फिरवणं बंद. ट्रे काढा, तळाला गोणपाटाचा तुकडा किंवा खरखरीत जाळीची चटई अंथरा आणि अंडी आडवी ठेवा. गुळगुळीत तळावर पहिल्याच तासात पिल्लांचे पाय फाकतात. आर्द्रता ६५ ते ७५ टक्क्यांवर न्या. पाण्याची वाटी बारीक जाळीने झाका, कारण बटेराचं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं. पंख्याला जाळी आहे ना, तेही आत्ताच बघा.

त्यानंतर झाकण उघडायचं नाही. आधी आतून बारीक चिवचिव ऐकू येते, मग बोथट टोकाजवळ कवचाला टवका पडतो, मग पिल्लू गोल फिरत टोपीसारखं कवच कापतं. टवका पडल्यापासून बाहेर यायला काही तास लागतात, कधी कधी अर्धा दिवस. या वेळी झाकण उघडलं की दमट हवा निसटते, आतला पडदा वाळून पिल्लाला आवळून धरतो, आणि मग अडकलेलं पिल्लू बघून माणूस सोडवायला जातो. पडद्यातल्या रक्तवाहिन्या तोवर सुकलेल्या नसतात आणि पोटात बलक पूर्ण शोषलेला नसतो. सोलून काढलेली पिल्लं बहुतेक वेळा जगत नाहीत. कितीही जीव तुटला तरी हात लावू नका.

निघालेली पिल्लं वाळून फुलेपर्यंत, म्हणजे दहा-बारा तास, आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती एक दिवस सहज काढतात. निघालेल्यांना दोन खेपांत, झटपट बाहेर काढा. विसाव्या दिवसानंतर राहिलेल्या अंड्यांची वाट बघू नका. पहिल्या खेपेला ठेवलेल्या अंड्यांपैकी निम्म्याहून जास्त निघाली तर समाधान माना. ६०-७० टक्के म्हणजे घरगुती मशीनसाठी चांगला निकाल.

ब्रूडर: इथे जास्त वेळ द्या

निघालेलं पिल्लू सहा ते आठ ग्रॅमचं असतं. अंगावर फक्त लव, आणि शरीराचं तापमान स्वतः राखायची ताकद अजून आलेली नसते. त्यामुळे ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा बल्ब लावलेला खोका, पिल्लं येण्याआधी किमान सहा तास चालू करून तळापासून गरम झालेला हवा. ‘पिल्लं आली की बल्ब लावू’ म्हणणाऱ्यांची पिल्लं पहिल्याच रात्री जातात.

पन्नास पिल्लांसाठी पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा पत्रा गोल वाकवून केलेला चिक गार्ड पुरतो. गोल आकार बरा, कारण थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची चेंगरून मरतात. पहिल्या आठवड्यात एका चौरस फुटात आठ-दहा पिल्लं चालतात, पुढे जागा दुप्पट करा. तळाला पहिले चार-पाच दिवस गोणपाट किंवा खडबडीत पुठ्ठा अंथरा. वर्तमानपत्र निसरडं असतं. पिल्लांना खाद्य ओळखता यायला लागलं की मग भाताचं तूस टाका. सुरुवातीलाच टाकलं तर ती तूसच खात बसतात.

६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब, वरून साखळीने टांगलेला. नुसत्या वायरवर टांगू नका, तुसात बल्ब पडून आगी लागतात. बल्ब मधोमध न टांगता एका बाजूला टांगा, म्हणजे गरम आणि कमी गरम अशा दोन्ही जागा मिळतात. बल्बखाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीला पहिला आठवडा ३५ ते ३७ अंश ठेवा, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी उतरवा. त्यासाठी बल्ब थोडा वर घ्यायचा, एवढंच.

मीटर लावा, पण निर्णय पिल्लांकडे बघून घ्या. बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने, सतत ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब, चोच उघडी ठेवून, पंख सैल सोडून पडली असतील तर गरम होतं आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वाऱ्याची झुळूक येते आहे, फट शोधा. पसरून झोपलेली, मधेच उठून टिपणारी, हळू चिवचिवणारी पिल्लं असली की ऊब बरोबर आहे. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे चारच्या सुमाराला एकदा बघाच, थंडी तेव्हाच घात करते.

वीज गेल्यावर मशीनमधली अंडी थांबतात, पिल्लं थांबत नाहीत. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात ती गोळा होऊ लागतात. इन्व्हर्टर असेल तर बल्ब त्यावर घ्या. नसेल तर पाण्याच्या बाटल्या तयार ठेवा: गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळा, ब्रूडरमध्ये उभ्या ठेवा आणि वरून चादर अर्धी ओढा. तासाभराने पाणी बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिचा वायू पिल्लांसाठी तर घातक आहेच, त्याच खोलीत झोपलेल्या माणसांसाठीही.

पाणी, खाद्य आणि शत्रू

पहिल्यांदा कोमट पाणी, त्यात चिमूटभर गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट. चार-पाच पिल्लांच्या चोची हलकेच पाण्यात बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे भरलेले हवेत. ओलं झालेलं पिल्लू बुडून नाही मेलं तरी गारठून मरतं. खडे दहाव्या दिवसापर्यंत ठेवा.

बटेरांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त प्रथिनं लागतात, पहिले तीन आठवडे २४ ते २७ टक्के. बाजारात वेगळं बटेर स्टार्टर, म्हणजे बटेरांच्या लहान पिल्लांचं खाद्य, मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ब्रॉयलर प्री-स्टार्टर घ्या, तो २२-२३ टक्क्यांच्या आसपास असतो. त्याचे दाणे या चोचींना मोठे पडतात, म्हणून मिक्सरमधून फिरवून चाळणीने चाळा. पहिले दोन दिवस गोणपाटावरच पसरा, नंतर उथळ ताटलीत द्या. पाच आठवड्यांपर्यंत एक पक्षी साधारण अर्धा किलो खाद्य खातो. शेपटाखाली विष्ठा चिकटून भोक बंद झालेलं दिसलं तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा आणि लगेच बल्बखाली वाळवा. ओढून काढू नका.

मुंग्या लहान पिल्लाला रात्रीत मारू शकतात. खोका टेबलावर ठेवा आणि टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. उंदीर-घुशींसाठी बारीक जाळी हवी, कोंबड्यांच्या जाळीतून उंदीरही आत येतो आणि बटेराचं पिल्लूही बाहेर पडतं. आठवड्याभरात पिल्लं उड्या मारू लागतात, म्हणून वरूनही जाळी टाका.

तिसऱ्या आठवड्यात छातीवरची पिसं बघून नर-मादी ओळखता येतात: नराची छाती एकसारखी तांबूस, मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची. पांढऱ्या जातींत ही खूण चालत नाही. चौथ्या आठवड्यापर्यंत अंगभर पिसं येतात आणि खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास असेल तर दिवसा बल्ब लागत नाही. थंडीच्या दिवसांत रात्रीपुरता आणखी आठवडाभर ठेवा. सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली अंडी येतील. ती खा. उबवायला घ्यायची ती मादी आठ आठवड्यांची झाल्यावरची, आणि नर दुसऱ्या खेपेतला असेल तर उत्तम, म्हणजे भावंडांची जोडी टळते.